खाडीच्या पोटातली लाट : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

नाखवांनी मागच्या पावसाळ्यात सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. श्रावणात उल्हासच्या खाडीत डोल, म्हणजे प्रवाहात बांधायचं पिशवीसारखं जाळं, लावली की कधी कधी जाळ्याचं तोंड पिळतं. वरची दोरी ओहोटीबरोबर समुद्राकडे ताणली जाते आणि खालची त्याच वेळी कल्याणकडे. "पाणी एक दिसतं, पण असतं दोन," असं ते म्हणाले होते.

भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला भौतिकशास्त्राचा प्रकल्प हवा होता. तिला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मामा, वर गोडं आणि खाली खारं असेल, तर मधल्या सीमेवर लाटा उठतच असणार. वरून दिसत नसतील, एवढंच." त्या वाक्यावर आज वही उघडली. ती गणित बघेल, मी टाकी आणि यंत्र बघेन. रबाळ्याच्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये रविवारी काम करायला शेठनी परवानगी दिली आहे.

प्रश्न असा ठरला : गोड्या-खाऱ्या पाण्याचे दोन थर उंचसखल तळावरून वाहतात, तेव्हा मधल्या सीमेवर काय होतं? आणि गायमुखजवळच्या खाडीत ते खरंच होतं का?

१५ जून, रविवार

टाकी जोडली. लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी १५, उंची ३०. पाणी १८ सेंटिमीटरपर्यंत भरायचं : खाली ६ सेंटिमीटर खारं, वर १२ सेंटिमीटर गोडं.

काचवाल्याने ८ मिलिमीटरचे पैसे घेऊन ५ मिलिमीटरची काच दिली, हे सिलिकॉन वाळल्यावर लक्षात आलं. पाणी भरताच लांब बाजू फुगली आणि तळाचा सांधा सुटला. पुन्हा सगळं पुसून, वाळवून, वरून तीन ठिकाणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आवळल्या. एक रविवार गेला.

२२ जून, रविवार

थर नीट बसवणं हेच खरं कसब आहे. आधी लाल रंग घातलेलं खारं भरून वरून बादलीने गोडं ओतलं, तर दोन मिनिटांत सगळी टाकी गुलाबी. स्पंजवर ओतून पाहिलं, तरी सीमा चार बोटं जाड झाली.

शेवटी उलटं केलं. आधी १२ सेंटिमीटर गोडं पाणी भरून रात्रभर निवू दिलं. मग सलाइनच्या दोन नळ्या, सुया काढून, टाकीच्या तळाशी टेकवल्या आणि उंच ठेवलेल्या पिंपातून खारं पाणी थेंबाथेंबाने खाली सोडलं. १६ लिटर जायला दोन तास लागले. पण खालून लाल पाणी वर सरकताना पाहणं म्हणजे काय सुख होतं! वरचं पाणी जराही न ढवळता अख्खं उचललं जात होतं. शेवटी सीमा जेमतेम एक सेंटिमीटर जाड राहिली, सुरीने कापल्यासारखी.

मिठाबद्दल नोंद : पुडीतल्या बारीक मिठाने पाणी धुरकट होतं, फोटो नीट येत नाहीत. खडे मीठ आणावं, विरघळवून मलमलीतून गाळावं. लिटरला ३० ग्रॅम घेतलं. हायड्रोमीटरने बघितलं, गोड्यापेक्षा खारं पाणी सुमारे २ टक्के जड भरलं.

सगळी गंमत या २ टक्क्यांत आहे. समुद्रावरच्या लाटेत जड पाणी हलक्या हवेत उचललं जातं, म्हणून गुरुत्वाकर्षण त्याला पूर्ण जोराने खाली खेचतं. इथे खारं पाणी गोड्या पाण्यातच उचललं जातं, आणि दोघांच्या वजनात फरक फक्त २ टक्के. त्यामुळे त्याला खाली ओढणारा जोर नेहमीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. म्हणून आतली लाट उंच उठते आणि अगदी सावकाश चालते.

२९ जून, रविवार

पहिलं मोजमाप. टाकीचं एक टोक पाचर मारून १ सेंटिमीटर उचललं, पाच मिनिटं थांबलो, पाचर हळूच काढली. वरचं पाणी दोन हेलकावे देऊन शांत झालं. आतली लाल सीमा मात्र झोपाळ्यासारखी डावी-उजवी होत राहिली.

भाचीचं गणित : दोन थरांच्या सीमेवरच्या लांब लाटेचा वेग म्हणजे, कमी झालेलं गुरुत्वाकर्षण गुणिले दोन्ही जाडींचा गुणाकार भागिले एकूण खोली, या सगळ्याचं वर्गमूळ. आकडे घातले तर सेकंदाला ९ सेंटिमीटर. म्हणजे जाऊन-येऊन एका हेलकाव्याला ४० सेकंद लागायला हवेत. स्टॉपवॉचने दहा हेलकावे मोजले, सरासरी ४२ आली. दोन सेकंदांचा फरक सीमेच्या जाडीमुळे, कारण गणितात सीमा कागदासारखी पातळ धरली आहे. त्याच टाकीत वरच्या पृष्ठभागावरची लाट सेकंदाला सव्वा मीटरहून जास्त धावते. एकाच पाण्यात पंधरापट फरक!

भाचीने शोधून काढलं की बेंजामिन फ्रँकलिनने १७६२ मध्ये जहाजातल्या दिव्यात हेच पाहिलं होतं. दिव्यात खाली पाणी, वर तेल. जहाज डुललं की तेलाचा पृष्ठभाग स्थिर आणि तेलाखालचं पाणी मात्र खवळलेलं. त्याने ते लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

६ जुलै, रविवार, आषाढी

काम बंद.

१३ जुलै, रविवार

आता तळाचा उंचवटा. टाकीत पाणी वाहवायचं तर पंप लागतो, आणि पंप थर मोडतो. म्हणून पाणी स्थिर ठेवून तळच ओढायचा. उंचवट्यावर बसून बघितलं तर दोन्ही एकच.

ॲक्रिलिकची पट्टी गरम करून १ सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर लांब अशी सौम्य टेकडी वाकवली. ती तंगुसाने बांधली, तंगूस मिनिटाला १० फेऱ्या करणाऱ्या गिअर मोटरच्या चरखीवर गुंडाळला. वेग बदलायचा तर चरखी बदलायची. लेथवर तीन चरख्या काढल्या.

पहिली चरखी १० सेंटिमीटर व्यासाची, वेग सेकंदाला ५.२ सेंटिमीटर. टेकडी निघाली आणि तिच्या पाठीमागे सीमेवर एकामागून एक लाटा उमटल्या. त्या टेकडीला बांधल्यासारख्या मागून येत होत्या, अंतर न बदलता. भाची काचेला नाक लावून बसली होती. शिखर ते शिखर १९ सेंटिमीटर. हिशेबाने १७ यायला हवे होते; पुन्हा सीमेची जाडी.

असं का होतं, ते मी असं समजून घेतलं. आखूड लाटा सावकाश चालतात, लांब लाटा जलद. टेकडी सगळ्या लांबीच्या लाटा उठवते, पण तिच्याच वेगाने चालणारी एकच लांबी तिच्याबरोबर टिकते. बाकीच्या पुढे-मागे विखरून जातात. खाडीत टेकडी जागेवर आणि पाणी वाहतं. तिथे हीच लाट प्रवाहाविरुद्ध चालत राहून जागच्या जागी उभी दिसेल.

२० जुलै, रविवार

दुसरी चरखी, वेग ७. दीडपट सुद्धा नाही, आणि लाटेची लांबी दुपटीच्याही पुढे, सुमारे ४० सेंटिमीटर. आतल्या लाटेच्या कमाल वेगाजवळ, म्हणजे २९ जूनला काढलेल्या ९ सेंटिमीटरजवळ, जाऊ लागलो की असं होतं : वेग थोडा वाढतो, लांबी बेसुमार वाढते. खाडीत मोजमाप करताना हे लक्षात ठेवायला हवं. प्रवाहाच्या वेगात झालेली बारीक चूक लांबीत मोठी होऊन बाहेर येते.

आणखी एक गोष्ट दिसली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. टेकडीच्या पुढे, जिकडे ती चालली होती तिकडे, खाऱ्या पाण्याचा एक गोल उंचवटा सुटून पळाला. टेकडीपेक्षा वेगाने. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा. वेग कमाल वेगाच्या जवळ असला की टेकडीजवळ साठणारी ताकद मागे वाहून जायला वेळ मिळत नाही, ती पुढे फुटते.

तिसरी चरखी १८ सेंटिमीटरची, वेग ९.४. कमाल वेगाच्या वर. मागे लाटच नाही! टेकडीवर सीमा नुसती अंग फुगवल्यासारखी उचलली जाते आणि मागे पुन्हा सपाट. पाणी लाटेपेक्षा वेगवान असेल तर लाट जागेवर उभी राहूच शकत नाही.

जेवताना भाचीने ध्रुवीय संशोधक नान्सेनच्या 'फ्राम' जहाजाची गोष्ट सांगितली. १८९३ मध्ये उत्तरेकडच्या समुद्रात बर्फाचं गोडं पाणी खाऱ्यावर पसरलं होतं, तिथे जहाज काही केल्या वेग घेईना. एकमन या शास्त्रज्ञाने पुढे टाकीत छोटी जहाजं ओढून कारण दाखवलं : जहाजाची ताकद आतल्या लाटा उठवण्यात खर्ची पडत होती. त्याचं काम १९०४ मध्ये छापून आलं. त्याच्याकडेही टाकी होती, दोरी होती, आणि मीठ होतं. हे ऐकून आमच्या टाकीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

३ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. खाडीत एकच टेकडी कुठे असते? तळ उंचसखल असतो, एकामागून एक. म्हणून दोन सारख्या टेकड्या केल्या आणि एकाच पट्टीवर बसवल्या. वेग तोच, ५.२.

दोन्हींत १९ सेंटिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे लाटेच्या एका पूर्ण लांबीइतकं : मागच्या लाटा जवळजवळ दुप्पट उंच झाल्या, एक-दोन शिखरं तर माथ्यावर कुरतडल्यासारखी फाटली आणि गुलाबी धूर वर गेला. मग अंतर साडेनऊ केलं, निम्म्या लांबीइतकं : मागे सीमा सपाट! पहिलीने उठवलेली लाट दुसरीने पुसून टाकली.

म्हणजे तळ किती उंचसखल आहे, एवढंच महत्त्वाचं नाही. चढउतारांमधलं अंतर लाटेच्या लांबीशी जुळतं का, हे महत्त्वाचं. जुळलं तर लहान उंचवटेसुद्धा खारं आणि गोडं मिसळून टाकतील. नाही जुळलं तर मोठे उंचवटेही गप्प.

१७ ऑगस्ट, रविवार

काल गोकुळाष्टमी झाली. अष्टमी म्हणजे भांग, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असण्याचे दिवस. आम्हाला तेच हवे आहेत. पण पाऊस असा कोसळतो आहे की नाखवांनी साफ नाही म्हटलं. "पोरीला घेऊन या पाण्यात नाही जायचं." बरोबर आहे त्यांचं.

घरी बसून बाटली केली. काचेची २०० मिलिलिटरची बाटली, खाली अर्धा किलो शिसं, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीला सोडायची, बुचाच्या दोरीला झटका द्यायचा. क्षारता बघायला मत्स्यालयवाले वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर आणला. त्याच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो : किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ, तो.

२४ ऑगस्ट, रविवार

काल अमावास्या, आज उधाण. गायमुखच्या जेट्टीवरून बाटलीची चाचणी. क्षारता वर ५, तळाशी ७. थर जवळजवळ नाहीतच! मुंबईच्या किनाऱ्याला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करताना खाडी स्वतःच घुसळली जाते. पावसाळा सोडला तर गोडं पाणीच इतकं कमी असतं की वर्षभर असाच प्रकार. म्हणजे आम्हाला हवी असलेली खाडी वर्षातले मोजके दिवस असते : भरपूर पाऊस होऊन गेलेला, आणि वर भांग.

३१ ऑगस्ट, रविवार

गेलो! नाखवांनी बजावलं होतं, अकराच्या आत परत, संध्याकाळी गौरी आणायच्या आहेत. भाचीच्या घरीही तेच. पहाटेची भरती संपून ओहोटी लागली होती. वारा नाही, पाणी ताकासारखं गढूळ. होडी नांगरली.

आधी तळ. शिशाची दोरी नाखवांनी स्वतः सोडली, वावाच्या गाठी मोजत (एक वाव म्हणजे सहा फूट). एका जागी तीन वाव, दोन होड्या पुढे जेमतेम दोन, पुन्हा तीन. "रेती काढायच्या आधी इथला तळ ताटासारखा होता," ते म्हणाले. "आता सगळे खड्डे." या खाडीतला रेतीउपसा ठाणेकरांना काही नवीन नाही, त्याने तळाची जमीन कशी करून ठेवली आहे, ते आज दोरीच्या गाठींनी हाताला कळलं.

मग बाटली. पृष्ठभागावर ४. एक मीटरवर ५. दोनवर १४. तीनवर २१. चारवर २१. भाचीने प्रत्येक आकडा दोनदा पाहिला. वरचा गोडा थर सुमारे १.८ मीटर, खाली खारा. एका खड्ड्यात साडेपाच मीटरवर बाटली सोडली, तर २४ आले, आणि बूच काढताच कुजलेल्या अंड्यांसारखा वास. खड्ड्यातलं जड पाणी ओहोटी काढून नेऊ शकत नाही. ते तिथेच बसून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो. भाचीने बाटलीत काळसर गाळ धरून ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

साडेनऊच्या सुमाराला नाखवांनी बोट केलं. पाण्यावर आडवे पट्टे होते. एक गुळगुळीत, एक बारीक खरखरीत, मग पुन्हा गुळगुळीत. ओहोटी त्यांच्यातून वाहत होती, पण पट्टे जागचे हलत नव्हते. जलपर्णीचे दोन गड्डे वरून येत होते. त्यांच्याकडे बघत राहिलो. एका पट्ट्यात ते सावकाश झाले, एकमेकांना येऊन चिकटले. पुढच्यात पुढचा गड्डा सुटला आणि झपकन पुढे गेला. मग पुन्हा सावकाश, पुन्हा चिकटले. असं चार वेळा.

सीमेचं शिखर जिथे वर आलेलं असतं, तिथे वरच्या गोड्या पाण्याला जागा कमी, म्हणून ते जलद जातं. दरीवर जागा जास्त, म्हणून सावकाश. आतली लाट गड्ड्यांनी वर काढून दाखवली होती.

पट्ट्यांचं अंतर साधारण दोन होड्या, १२ मीटर. जलपर्णी होडीची ६ मीटर लांबी सरासरी २० सेकंदांत पार करत होती. पावणेअकराला परत.

२ सप्टेंबर, मंगळवार

भाचीने रात्री हिशेब पाठवला. क्षारतेत १७ चा फरक म्हणजे घनमीटरला सुमारे १३ किलोचा फरक. त्यावरून आतल्या लाटेचा कमाल वेग सेकंदाला ३७ सेंटिमीटर. प्रवाह ३० सेंटिमीटरचा. तो कमाल वेगाच्या खाली आहे, म्हणजे लाट उभी राहू शकते. त्या प्रवाहाला लाटेची लांबी साडेदहा मीटर. आम्ही पाहिली १२. प्रवाह ३१ धरला तरी आकडा ११ च्या पुढे जातो, आणि जलपर्णीवरून मोजलेल्या वेगात तेवढी चूक सहज असेल. मी याला जुळलं असं म्हणतो.

त्याहून मोठी गोष्ट तिने शेवटी लिहिली आहे. ओहोटीचा वेग स्थिर नसतो, शून्यापासून वाढत जातो. वेग वाढतो तशी लाटेची लांबीही वाढते, आणि वाटेत कधीतरी ती खड्ड्यांमधल्या अंतराइतकी होते. म्हणजे भांगाच्या प्रत्येक ओहोटीत एक वेळ अशी येणारच, जेव्हा हे खड्डे मिळून ३ ऑगस्टच्या टाकीतल्यासारखी दुप्पट लाट उठवतील. माइल्स आणि हॉवर्ड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं की थरांचा भारी-हलकेपणा त्यांच्या एकमेकांवरच्या घसटीच्या तुलनेत ठरावीक मर्यादेखाली, म्हणजे पाव या अंकाखाली, गेल्याशिवाय अशी सीमा फाटत नाही. अर्धा मीटर जाड सीमा आणि थरांच्या वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरचा फरक धरला, तर आमचा आकडा ०.२५ वरच येतो. अगदी काठावर. लाटेने शिखरावर थोडी घसट वाढवली की फाटणार.

माझं मत मी वहीत स्पष्ट लिहून ठेवतो. रेती काढणाऱ्यांनी फक्त रेती नेली नाही. खारं पाणी कुठे साचून सडेल आणि कुठे गोड्यात मिसळेल, हेही त्यांनी बदललं आहे, आणि ते वरून कोणालाही दिसत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

नाखवा शॉपवर आले. टाकी सकाळीच भरून ठेवली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि टेकड्या ओढून दाखवल्या तरी फार बोलले नाहीत. मग विचारलं, "यात जाळं सोडता येईल का?"

भाचीने मच्छरदाणीचा वीतभर तुकडा कापला, वरच्या काठाला आणि खालच्या काठाला दोरा ओवला, टाकीच्या मधोमध सैल लटकवला. वरचा काठ गोड्यात, खालचा लाल पाण्यात. मी पाचर मारून टोक उचललं, थांबलो, पाचर काढली.

पृष्ठभाग शांत झाला. जाळीचा वरचा काठ हळूहळू भिंतीकडे सरकला आणि खालचा खिडकीकडे. मधे ती तिरकी होऊन पिळली. नाखवा पुढे वाकले, हात काचेवर ठेवला आणि म्हणाले, "हेच. असंच धरतं."

भाची मोबाइलवर सेकंद मोजत होती. २१ झाले, आणि जाळी उलटी पिळली.